डिशवॉशरच्या तळाला पाणी साचतं, काचेवर पांढरा थर बसतो: पंप बदलण्याआधी घरी काय तपासायचं

प्रश्न असा आहे: सांगलीत विश्रामबागेत तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर फ्लॅट. डिशवॉशर तीन वर्षांचं. भांडी धुऊन झाल्यावर तळाला तांब्याभर खरकटं पाणी उरतं, काचेचे ग्लास पांढुरके दिसतात, वरच्या कप्प्यातल्या वाट्यांना मसाला चिकटलेला राहतो आणि मधूनच तोटीचं चिन्ह लागून मशीन थांबतं. मेकॅनिकने पंप बदलायला सांगितलंय. बिल्डिंगला बोअरचं पाणी आहे. पंप बदलावा का?

आत्ता बदलू नका. या चार तक्रारींची मुळं बहुधा चार वेगळ्या जागी आहेत. पंपाचा संबंध आला तर फक्त पहिलीशी, आणि तिथेही तो सगळ्यात शेवटी तपासायचा. आपल्या भागात डिशवॉशर बिघडतं ते बहुतेक वेळा पाण्यामुळे किंवा अडकलेल्या खरकट्यामुळे. या दोन्ही गोष्टी घरच्या घरी, बहुतेक हातानेच, तपासता येतात. हात घालण्याआधी प्लग काढा आणि कॉक बंद करा. नुसतं मशीनचं बटण बंद करून भागत नाही.

आधी तळाचं पाणी बघू. गाळणी काढल्यावर खालच्या खळग्यात थोडं स्वच्छ पाणी दिसलं तर तो बिघाड नाही, तिथे पाणी राहतंच. गाळणीच्या वर, स्टीलच्या तळावर पाणी पसरलेलं असेल आणि त्याला वास येत असेल तर निचरा होत नाहीये. पाणी स्पंजने टिपून बादलीत पिळा. मधली उभी गाळणी डावीकडे पाव फेरा फिरवून वर उचला, मग तिच्याखालची सपाट जाळी काढा. नळाखाली धरून जुन्या दातांच्या ब्रशने आतून बाहेर अशी घासा. जाळी उजेडाकडे धरली की तिची भोकं मोकळी आहेत की तुपाच्या थराने बुजलीत ते लगेच दिसतं. तूप-वनस्पतीचा थर थंड पाण्याने निघत नाही. गरम पाण्यात भांड्याचं लिक्विड घालून गाळणी पंधरा मिनिटं बुडवून ठेवा, मग घासा आणि पुन्हा साध्या पाण्याने नीट धुवा. लिक्विड आत राहिलं तर पुढच्या धुण्यात फेस होतो.

गाळणी काढली की खळग्यात बोटं घालायचा मोह होतो. तिथे फुटलेल्या ग्लासचा तुकडा असू शकतो, म्हणून रबरी हातमोजा घालून टॉर्च लावूनच बघा. लिंबाची बी, मोहरी, कढीपत्त्याचा देठ, टूथपिक, तारेच्या घासणीचा तुकडा, बाटलीच्या लेबलचा लगदा हे नेहमीचे पाहुणे. बऱ्याच मशीनमध्ये खळग्याच्या एका बाजूला प्लास्टिकचं छोटं झाकण असतं. चमच्याच्या दांड्याने उचकटलं की ते निघतं आणि आत निचरा पंपाची चक्री दिसते. ती बोटाने फिरवून बघा. चक्री सलग फिरत नाही, टप्प्याटप्प्याने झटके देत फिरते, कारण आत चुंबक असतं. या झटक्यांना पंप जाम झाला असं समजून चांगला पंप बदलला जातो. चक्री अजिबात हलत नसेल तर पात्यांत गुंतलेला दोरा किंवा काच चिमट्याने काढा. झाकण पुन्हा बसवताना ‘टक’ असा आवाज आलाच पाहिजे. ते सैल राहिलं तर निचरा होत नाही आणि नवीनच बिघाड झाला असं वाटतं.

आता पंप खरंच गेलाय का हे ठरवणारी चाचणी. सिंकखालची ड्रेन नळी ट्रॅपपासून (सिंकचं सांडपाणी जिथून खाली जातं तो वाटीसारखा भाग) सोडवा आणि तिचं तोंड बादलीत धरा. बादली स्टुलावर ठेवा, नळीचं तोंड जमिनीपासून दीड-दोन फूट वर राहू द्या. कॉक उघडा, प्लग लावा, प्रोग्रॅम सुरू करा, दोन-तीन मिनिटं पाणी भरू द्या आणि मग रद्द करा (बहुतेक मशीनवर स्टार्ट किंवा रीसेट बटण तीन सेकंद दाबून). रद्द केलं की मशीन आधी पाणी बाहेर टाकतं. बादलीत जोरात धार पडली तर पंप ठणठणीत आहे, तुंबलंय ते सिंकचं. पंपाचा घर्र आवाज येतोय पण पाणी येत नाही, तर नळी दुमडलीय किंवा आत गोळा बसलाय. मशीन पुढे ओढून मागची नळी बघा, कपाटाच्या भोकात ती हमखास चेपलेली असते. आवाजच येत नसेल, किंवा चक्री मोकळी आणि नळीही मोकळी असून पाणी सरकत नसेल, तरच पंपाचा विचार करा. मेकॅनिक आला तर त्याच्यासमोर हीच चाचणी करायला लावा आणि मगच सुटा भाग मागवायला होकार द्या.

सिंकची बाजू दोन प्रकारे दगा देते. नवीन जोडणीत ट्रॅपच्या ज्या नळकांड्याला डिशवॉशरची नळी लावतात त्याचं तोंड प्लास्टिकने बंद असतं. ते कापून मोकळं करायचं असतं आणि घाईत राहून जातं. जुन्या जोडणीत ट्रॅपच्या वाटीत तूप आणि चहाचा चोथा मिळून घट्ट साका बसतो. वाटी हाताने फिरवून निघते, खाली पातेलं ठेवायला विसरू नका. आपल्याकडे आणखी एक पद्धत आहे: ड्रेन नळी सरळ जमिनीवरून मोरीत सोडून द्यायची. ती चूक आहे. नळीचं तोंड मशीनच्या तळापेक्षा खाली गेलं की पाणी आपोआप ओढलं जातं. मशीन भरतंय आणि तेच पाणी मोरीत जातंय, असं चालू राहतं आणि शेवटी पाणी कमी पडल्याची खूण लागते. नळी आधी कमीत कमी ४० सेंटिमीटर वर उचलून, क्लिपने भिंतीला अडकवून, मग खाली न्या. हाच उंच वळसा सिंकचं घाण पाणी उलटं मशीनमध्ये येऊ देत नाही.

तोटीचं चिन्ह म्हणजे मशीनला पाणी कमी पडतंय. त्याचं कारण तुमच्या मजल्यात असू शकतं. बहुतेक मशीनना किमान ०.५ बार दाब लागतो, म्हणजे टाकीतल्या पाण्याची पातळी मशीनच्या वर साधारण पाच मीटर हवी. सगळ्यात वरच्या मजल्यावर गच्चीची टाकी डोक्यावर जेमतेम तीन-चार मीटर असते. मोजायची सोपी रीत: नळी काढून त्याच कॉकखाली १० लिटरची बादली धरा आणि कॉक पूर्ण उघडा. बादली मिनिटाभरात भरली पाहिजे. दीड-दोन मिनिटं लागली तर मशीनला दोष देऊन उपयोग नाही. टाकीपासून पाऊण इंची वेगळी लाइन घ्या किंवा छोटा प्रेशर पंप बसवा.

बादली वेळेत भरली तर जाळी बघा. नळीच्या कॉककडच्या नटमध्ये बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी जाळी असते. पकडीने अलगद ओढली की निघते. वाळू आणि गंज तिच्यावर साचतो. बोअरला ती तीन महिन्यांतून एकदा धुवा. कृष्णेचं नळाचं पाणी असेल तर जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी, कारण नदीला गढूळ पाणी आलं की बारीक चिकणमाती टाकीपर्यंत येतेच. कॉकजवळ नळीला जाडजूड प्लास्टिकचा डबा असेल तर ती गळती रोखणारी नळी आहे. त्या डब्यात विजेचा व्हॉल्व्ह असतो. नळी लांब करायला ती कापू नका आणि डबा पाण्यात बुडवू नका.

आता पांढऱ्या थराकडे येऊ. सांगली-मिरजेकडे बोअर वापरणाऱ्या प्रत्येकाने हा भाग नीट वाचावा, कारण मशीनचं आयुष्य इथेच ठरतं.

आधी थर कसला आहे ते ओळखा. एक ग्लास घ्या, वाळलेल्या डागावर लिंबाची फोड घासा आणि दोन मिनिटं थांबा. डाग विरघळला, काच चकचकीत झाली, तर ते क्षार. लिंबाने काहीच फरक पडला नाही आणि काच धुक्यातून पाहिल्यासारखी, किंचित इंद्रधनुषी दिसते, तर काचच झिजलीय. ती पूर्ववत होत नाही. तिसरा प्रकार असा की नुसत्या ओल्या फडक्याने थर निघतो आणि जिभेला खारट लागतो. तसं असेल तर मशीनच्या तळाशी मीठ घालायची जी टाकी असते तिचं झाकण नीट बसलेलं नाही. झाकणाचा रबरी वॉशर पुसा, आटे सरळ धरून पुन्हा लावा.

बोअरवर बहुधा पहिलाच प्रकार निघतो. मशीनच्या तळाशी पाणी मऊ करणारी रेझिनची टाकी असते. रेझिनचे बारीक मणी पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि त्याबदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मशीन त्यांच्यावरून मिठाचं पाणी सोडून ते पुन्हा रिकामे करतं. म्हणजे मिठाचं काम भांड्यांशी नाही, रेझिनशी आहे. ‘मी सगळं एकत्र असलेली टॅबलेट वापरतो, मीठ कशाला?’ हा प्रश्न वारंवार येतो. अशा टॅबलेट साधारण २१ जर्मन अंशांपर्यंतच्या कठीणपणालाच (पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांच्या प्रमाणालाच) पुरतात, म्हणजे लिटरमागे ३७५ मिलीग्रॅमच्या आसपास. एक जर्मन अंश म्हणजे लिटरमागे १७.८ मिलीग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा २०० आणि दुसरं पाणीच मिळत नसेल तर चालवून घ्यायची मर्यादा ६०० मिलीग्रॅम आहे. म्हणजे कागदोपत्री पिण्यायोग्य असलेलं पाणीसुद्धा टॅबलेटच्या आवाक्याबाहेरचं असू शकतं.

हिशोब करून बघा. एका धुण्याला १० लिटर पाणी, कठीणपणा ६०० धरला तर एका वेळी ६ ग्रॅम क्षार मशीनमध्ये शिरतात. रोज एकदा मशीन लावलं तर महिन्याला १८० ग्रॅम. त्यातले थोडे जरी हीटरवर आणि फवाऱ्याच्या भोकांत बसले तरी तीन वर्षांत काय होतं ते तुमच्या वाट्यांवर दिसतंच आहे.

कठीणपणा मोजायला टीडीएस मीटर वापरू नका. तो पाण्यात विरघळलेलं सगळंच दाखवतो, साधं मीठसुद्धा. टीडीएस ९०० असून पाणी मध्यम कठीण असू शकतं, ५०० असून अतिकठीण असू शकतं. मत्स्यालयाच्या दुकानात थेंब मोजायचा किट मिळतो. पाण्याचा रंग बदलेपर्यंत थेंब टाकत जायचे, आणि बहुतेक किटमध्ये एक थेंब म्हणजे एक जर्मन अंश. आकडा कळला की मशीनचं मॅन्युअल उघडून कठीणपणाची सेटिंग बदला. बॉशच्या अनेक मशीनवर ती एच ०० ते एच ०७ अशी असते आणि शेवटची ३१ ते ५० अंशांसाठी असते. दुसऱ्या मशीनवर आकडे वेगळे असतील, तत्त्व तेच. मशीन बसवून देणारा माणूस ही सेटिंग कारखान्यातून आली तशीच सोडून जातो, आणि मग मीठ भरूनही थर येत राहतो. पाणी ५० अंशांच्याही वर असेल तर मशीनच्या आधी वेगळा सॉफ्टनर बसवावा लागतो किंवा मशीनची लाइन महापालिकेच्या नळावर घ्यावी लागते.

मीठ डिशवॉशरचंच घ्या, जाड दाण्याचं. घरातलं आयोडीनयुक्त बारीक मीठ टाकीच्या तळाशी घट्ट बसतं आणि त्यात गुठळी होऊ नये म्हणून घातलेली द्रव्यं रेझिनला मारक ठरतात. बाजारातलं खडे मीठ स्वस्त पडतं म्हणून घालतात. त्यात माती आणि मॅग्नेशियमच असतं, म्हणजे जे काढायचं तेच आपण आत घालतो. पहिल्यांदा भरताना टाकीत आधी एक लिटर पाणी ओता, मग नरसाळ्याने किलोभर मीठ. पाणी बाहेर सांडेल, सांडू द्या. पण लगेच एक छोटा प्रोग्रॅम चालवा. मिठाचं पाणी स्टीलच्या तळावर रात्रभर राहिलं तर गंजाचे ठिपके पडतात.

आधी बसलेला थर काढायला लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, पुरतं. किराणा दुकानात सुटं मिळतं. मशीन पूर्ण रिकामं, डिटर्जंट नाही, ५० ते ६० अंश सेल्सिअसचा प्रोग्रॅम. सुरुवातीचं पाणी बाहेर टाकून दुसरं पाणी भरलं की दार जपून उघडा, तळाला १०० ते १५० ग्रॅम पूड टाका आणि दार लावून प्रोग्रॅम पुरा होऊ द्या. थर जुना असेल तर आठवड्याने पुन्हा एकदा. नंतर दोन-तीन महिन्यांतून एकदा बास. डिटर्जंटसोबत टाकलं तर आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात आणि दोन्ही वाया जातात. संडास साफ करायचं ॲसिड चुकूनही नको, ते स्टील खातं. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आलं तर विषारी वायू होतो.

साताऱ्याच्या वाचकांनी मात्र वरचा सल्ला तसाच उचलू नये. ज्या पेठांत कासचं पाणी येतं तिथे ते पावसाचं, जांभ्याच्या पठारावरचं, मऊ पाणी आहे. किटवर दोन-चार थेंबांतच रंग बदलला तर सेटिंग खालची ठेवा आणि डिटर्जंट कमी घाला. मऊ पाण्यात जादा डिटर्जंट आणि जादा तापमान हेच काच झिजण्याचं कारण. थर दिसला म्हणून डिटर्जंट वाढवत गेलात तर झीज वाढतच जाते.

वरच्या कप्प्यातल्या वाट्या. पाणी फवारणारा खालचा पंखा सरळ वर ओढला की निघतो, वरचा नट फिरवून. भोकांतला क्षार आणि मोहरी टूथपिकने काढा. टाचणी वापरली तर भोक मोठं करू नका, कारण पाण्याचा जोर आणि पंख्याचं फिरणं दोन्ही भोकाच्या आकारावर आहे. पंखा हलवून बघा, आत काही खुळखुळलं तर नळाखाली धरून टोकाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत पाणी सोडा. परत लावल्यावर पंख्याचं टोक दाराकडे करून ठेवा, फवारा सुरू झाल्यावर मिनिटभराने मशीन थांबवा आणि बघा. टोक होतं तिथेच असेल तर काहीतरी अडतंय, बहुधा झाऱ्याची किंवा उलथन्याची दांडी खाली लोंबतेय. कढई आणि कुकर खाली, पालथे आणि तिरके ठेवा. उताणी कढई वर जाणारं सगळं पाणी अडवते. वाट्या एकात एक घालू नका. कढई, कुकर असलेल्या दिवशी ७० अंशांचा प्रोग्रॅम आणि २० ते २५ ग्रॅम पावडर घ्या, शिवाय चमचाभर पावडर दाराच्या आतल्या बाजूला टाका, म्हणजे पहिल्याच पाण्यात तेल सुटतं. पावडरचा डबा पावसाळ्यात घट्ट बंद ठेवा आणि कप्पा कोरडा असल्याशिवाय पावडर घालू नका. ओल्या कप्प्यात तिचा दगड होतो आणि झाकण उघडूनही ती तिथेच राहते.

प्लास्टिकचे डबे पिवळे झाले तर तो मशीनचा दोष नाही. हळदीतलं कर्क्युमिन तेलात विरघळतं आणि गरम पाण्यात प्लास्टिकमध्ये आणखी मुरतं. हळदीच्या गावात याला उपाय अंगणातच आहे: डबे दोन दिवस कडक उन्हात ठेवा, डाग बराच फिका पडतो.

उन्हाळ्यात संध्याकाळी प्रोग्रॅम लांबत असेल तर व्होल्टेज बघा. २३० व्होल्टला २००० वॅट देणारा हीटर १८० व्होल्टला जेमतेम १२२५ वॅट देतो. पाणी तापेपर्यंत मशीन घड्याळ थांबवून बसतं. रात्री दहानंतर लावून बघा. प्लग १६ अँपिअरच्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्येच हवा. एक्स्टेन्शन बोर्डावर चालवलं तर पिना काळ्या पडतात.

आणखी एक प्रकार अचानक घाबरवतो: मशीन पाणीच घेत नाही आणि पंप सतत घरघरत राहतो. बॉशवर तेव्हा ई १५ दिसतं. याचा अर्थ खालच्या ट्रेमध्ये पाणी गेलंय आणि तिथला फ्लोट (पाण्यावर तरंगणारा तुकडा) वर उचलला गेलाय. नेहमीचं कारण म्हणजे कुणीतरी हाताने भांडी घासायचं लिक्विड आत घातलं आणि फेस दारातून उतू गेला. प्लग काढा, कॉक बंद करा, दोघांनी धरून मशीन मागे ४५ अंशांपर्यंत कलवा, खाली फडकी टाकून ट्रे रिकामा करा. फेस उरला असेल तर आत दोन चमचे व्हिनेगर टाकून नुसतं खळबळायचा प्रोग्रॅम चालवा. फेस झालेला नसताना पुन्हा ई १५ आलं तर खरीच गळती आहे. तळमजल्यावर आणि शेताजवळच्या घरात सगळ्यात आधी ड्रेन नळी तपासा, उंदीर तीच कुरतडतात. नळी बदला आणि भिंतीतलं भोक सिमेंटने किंवा स्टीलच्या जाळीने बुजवा. नळीला नुसती टेप गुंडाळली तर ती पुन्हा फुटते.

वास येत असेल तर दाराच्या खालच्या कडेचं रबर उलटून बघा. तिथे फवारा पोचत नाही, तेलाचा काळा चिकट थर साचतो. ओल्या फडक्याने आठवड्याला पुसा आणि मशीन बंद असताना दार बोटभर उघडं ठेवा.

तुम्ही या क्रमाने जा: गाळणी आणि चक्री, मग ड्रेनची बादली-चाचणी, मग कॉकची बादली-चाचणी, मग किटने कठीणपणा, सेटिंग, मीठ, आणि शेवटी लिंबूसत्त्व. एका सुट्टीच्या दिवसात होतं. मशीन लावताच ईएलसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडत असेल, जळका वास येत असेल किंवा प्रोग्रॅम संपल्यावरही भांडी थंडगार निघत असतील, तर मात्र घरी उघडू नका. हीटर, मुख्य मोटर आणि सर्किट बोर्ड हे मेकॅनिकचंच काम. त्याने कुठलाही भाग बदलला तर जुना भाग मागून घ्या आणि बिलावर भागाचा नंबर लिहून घ्या.